वैशाखातली ओल

१

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सुट्टी संपली त्या सकाळी संघमित्रा तायडेनं आतल्या खोलीचं कुलूप काढलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मटकन खाली बसली. चाचणीला लावलेल्या पट्ट्या तुटल्या होत्या. एखादी नव्हे, झाडून सगळ्या.

पट्ट्या म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लोखंड येईल. तसं नाही हो. या सिलिकॉनच्या, केसाहूनही बारीक. तुम्ही मोबाईल आडवा धरलात की आतलं चित्र आडवं होतं ना, ते मोबाईलला कळतं अशाच एका हलणाऱ्या पट्टीमुळे. ती हलून हलून थकते का, थकली तर केव्हा तुटते, हे आधी बघून ठेवावं लागतं. त्याला म्हणतात थकवा-चाचणी. यंत्र पट्टीला सेकंदाला हजारो वेळा हलवतं आणि माणसानं नुसती वाट बघायची.

संघमित्रा जळगावच्या एका कॉलेजात याच विषयावर पीएच.डी. करत होती. तिच्या पट्ट्या महिनोन्‌महिने हलत होत्या आणि थकायचं नाव घेत नव्हत्या. त्यावरून तिनं मांडलं होतं, की कोरड्या हवेत ही पट्टी थकतच नाही, तिला थकवते ती हवेतली ओल. सबंध प्रबंध या एका वाक्यावर उभा होता. आणि आता कोरड्या ठाक बंद खोलीत पट्ट्या तुटून पडल्या होत्या.

आणखी एक गोष्ट होती. यंत्राशेजारी ताटांत निळे दाणे ठेवलेले असतात. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी निघते, त्याच जातीचे. ओल प्याले की हे दाणे गुलाबी होतात. त्या सकाळी ताटंच्या ताटं गुलाबी झाली होती.

"खोलीत ओल शिरली होती," संघमित्रा म्हणाली.

ऐकणारे हसले. वैशाखात, जळगावात, ओल! इथे दोरीवर टाकलेला टॉवेल चिमटा लावेपर्यंत वाळतो.

लगेच विद्यापीठात तक्रार गेली. या मुलीनं आधीचे आकडे मनचे लिहिले, आणि पट्ट्या तुटल्यावर पितळ उघडं पडणार म्हणून दाणे स्वतःच भिजवले, असा आरोप. तो खरा ठरला तर तिची नोंदणी रद्द होणार होती, आणि पुन्हा कुठलं कॉलेज तिला दारात उभं करणार नव्हतं.

चौकशीला कुणीतरी हवं होतं. असल्या उन्हात कोण जातंय? मग त्यांना मी आठवले.

२

मी इंदिरा अहिरराव. धुळ्याला जन्मभर फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. निवृत्त बाईला दुसरं काही काम नसतं, असा विद्यापीठाचा ठाम समज आहे. पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचली तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला होता. गुडघे तर बसमध्येच सोडून यावेत असं वाटत होतं. अशा चौकशा मी पुष्कळ केल्या आहेत. सगळे खोटं बोलतात, चहा मात्र न चुकता पाजतात.

विभागप्रमुख डॉ. अभिमन नेहेते दाराशी उभे होते. संघमित्राचे मार्गदर्शकही तेच. उंच, वाकलेले, शर्टाचं एक बटण तुटलेलं. त्यांची पत्नी डॉ. चारुलता याच विभागात होत्या. ही चाचणीची खोली दोघांनी मिळून उभी केली, आणि गेल्या थंडीत त्या वारल्या. एवढं मला धुळ्यातच कळलं होतं.

"तुमची विद्यार्थिनी आहे. तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मी काय सांगणार मॅडम. तुम्ही बघा," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले.

मार्गदर्शकानं असं हात वर केले की समजावं, पोर बुडाली. मला राग आला. पण राग यायलासुद्धा अंगात बळ लागतं, म्हणून मी पाणी मागितलं.

तक्रार करणारा होता तेजस झोपे, दुसरा संशोधक विद्यार्थी. आडनाव झोपे, पण गडी टक्क जागा. त्याचं टेबल बाहेरच्या खोलीत, चाचणीच्या खोलीच्या दाराला लागूनच.

"हो, मीच केली तक्रार. त्यात लपवायचं काय?" तो म्हणाला. "नेहेते सर आणि मॅडमनी फार पूर्वी लिहून ठेवलंय, पट्टी हलण्यानंच थकते, हवेचा काही संबंध नाही. देशोदेशीचे लोक त्याचा आधार घेतात. आणि ही म्हणे, ओल! पट्ट्या कोरड्यात तुटल्या, संपला विषय."

"पट्ट्या तुटल्या की यंत्र कुणाला मिळणार?"

त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, "मलाच. नंबर माझा आहे. पण मॅडम, आखाजीला मी रावेरला होतो. घरच्या केळीचे ट्रक भरत होते. आणि आतल्या खोलीची किल्ली माझ्याकडे नसते. ती सरांकडे, संघमित्राकडे आणि प्रेमराजकडे."

माझं लक्ष त्याच्या मागे गेलं. खिडकीपाशी लोखंडी स्टँड होता, कूलर ठेवतात तसला. खाली फरशीवर पाणी सांडून सांडून पडलेला जुना डाग. कूलर म्हणजे पाण्याचं पिंप आणि पंखा. बंद जागेत ओल भरायला याहून सोपं साधन नाही.

"तुमचा कूलर कुठाय, झोपे?"

तेजसचा चेहरा उतरला. "होता," तो म्हणाला. "आता नाहीये."

३

प्रेमराज हा प्रयोगशाळेचा शिपाई. मूळचा अमळनेरकडचा. मी त्याला अहिराणीत विचारलं तसा तो मोकळा झाला, आणि मी मॅडमची अक्का झाले.

"तो कूलर? त्यानी मोटर जळेल शे, अक्का. आखाजीना पहिलेच दुरुस्तीले टाकेल शे."

"मग झोपे घाबरला कशाला?"

प्रेमराज हसला. मोटर जळाली कारण तेजसनं टाकीत पाणी न भरता ती रात्रंदिवस चालवली होती, आणि ते सरांना सांगितलं नव्हतं. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. कूलर खरंच त्याच्या दुकानात पडून होता, आखाजीच्या आधीपासून. झालं. इतका छान संशयित हातचा गेला.

"आणि तू कुठे होतास?"

"मी तं अमळनेरले व्हतू. पोरी उन्यात, झोका बांधा. बठ्ठा गाव साक्ष दी. आखाजीले कोन काम करस, अक्का?"

हे मात्र खरं. खान्देशात आखाजीला काम करणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. लेकी माहेरी येतात, झोके चढतात, आमरस-पुरणपोळीनं लोक सुस्तावतात. कॉलेजच्या इमारतीत त्या सुट्टीत चिटपाखरू नसणार.

मग संघमित्राला बोलावलं. पहूरची मुलगी, वडील पोस्टात. डोळ्यांखाली काळं, हातात घट्ट धरलेला मोबाईल. तो मधूनच थरथरायचा आणि ती तो न बघता उलटा ठेवायची.

"आई आहे," ती म्हणाली. "रोज विचारते, झालं का गं तुझं? पट्ट्या थकत नाहीत, मॅडम. मीच थकले."

"आखाजीला कुठे होतीस?"

"पहूरलाच, घरी. पण ते आईबाबाच सांगणार. त्यांचं कोण ऐकतंय?"

"आल्यावर काय बघितलंस, ते जसंच्या तसं सांग."

"दार उघडलं आणि तोंडावर गार हवा आली. ओलसर. भिंतीवर ओल मोजायचा काटा आहे, तो खूप वर होता. मी प्रेमराजभाऊंना हाका मारायला पळाले. ते येईपर्यंत दार उघडंच राहिलं, बाहेरची कोरडी हवा आत शिरली आणि काटा खाली. मागचं काही तो काटा सांगत नाही." तिनं ओठ चावला. "म्हणजे साक्षीला फक्त मी आणि ते दाणे. आणि दाणे म्हणे मीच भिजवले."

"नेहेते सरांच्या हाताखाली राहून सरांच्याच विरुद्ध विषय घेतलास. कुणी सुचवला?"

"चारुलता मॅडमनी," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, आमचं खोटं ठरलं तरी चालेल, पण बघ."

मी जुनी फिजिक्सवाली आहे. माणसं खोटं बोलतात, दाणे बोलत नाहीत, असं मला उगाच वाटत असतं. मी बरणीतले थोडे निळे दाणे बशीत काढले आणि त्यांच्यावर चमच्यानं पाणी ओतलं. तड्‌तड् आवाज झाला आणि लाह्यांसारखे दाणे फुटले. बशीत नुसता चुरा उरला.

"आता त्या दिवशीचे दाणे आण," मी म्हटलं.

तिनं ते पिशवीत बांधून ठेवले होते. एकूण एक दाणा गुलाबी, आणि एकूण एक दाणा अख्खा. यांच्यावर कुणी पाणी ओतलं नव्हतं. यांनी ओल सावकाश, घोट घोट हवेतून प्यायली होती.

म्हणजे पोरगी खरं बोलत होती. बंद खोलीत कुणीतरी पाणी ठेवलं होतं, आणि सुट्टीभर ते तिथंच होतं.

४

खोली कपाटाहून थोडी मोठी. दगडी भिंती, खिडकी विटांनी बुजवलेली, दाराच्या कडेला रबर. नळ नाही, पाइप नाही, छत कोरडं. मी जमिनीवर बसले. बसले म्हणजे काय, प्रेमराजनं धरून बसवलं.

यंत्राच्या टेबलामागे, भिंतीच्या कोपऱ्यात, फरशीवर एक गोल डाग होता. पांढुरका, मधोमध दाट. जळगावचं पाणी जड. ते वाळलं की क्षार मागे राहतात. पण स्टीलच्या बादलीखाली असा डाग पडत नाही. हा पडतो झिरपणाऱ्या भांड्याखाली, म्हणजे मातीच्या. आणि मातीचं भांडं सगळ्या अंगानं पाणी हवेत सोडतं, म्हणून तर त्यातलं पाणी गार राहतं. असं एक भांडं या खोलीची हवा ओली करायला पुरून उरेल.

"भाऊ, मझार माठ कोनी ठेवा व्हता?" आत माठ कुणी ठेवला, असं मी विचारलं.

"माठ? मझार?" प्रेमराजनं कानाला हात लावला. "अक्का, तठे त्या माले झाडूसुद्धा मारू देतस नही. नेहेते सर तं पाण्यानी बाटलीसुद्धा बाहेर ठेवाले लावतस."

मी डागाकडे बघत राहिले. पिण्यासाठी कुणी ठेवावा, तर सुट्टीत पिणारं कोण होतं? मुद्दाम ओल करायला ठेवावा, तर त्या माणसाला ओलीवर विश्वास हवा. या इमारतीत ओलीवर विश्वास एकट्या संघमित्राचा. आणि तिला नुसते दाणे गुलाबी करायचे असते तर चहाच्या किटलीची वाफ पुरली असती. माठ वाहून आणायचा, सुट्टीभर ठेवायचा आणि आपल्याच जिवाच्या पट्ट्या तोडायच्या, हे तिनं का करावं?

तेवढ्यात मला मुंग्या दिसल्या. दाराच्या रबराखालून एक रांग आत येत होती, थेट डागापर्यंत. मी बोट फिरवलं. फरशीच्या सांध्यात काहीतरी चिकट होतं. तिथंच एक गव्हाचा दाणा अडकलेला. आणि एक चपटी, पांढरी बी.

मी ती बी तळहातावर घेतली. खरबुजाची होती.

५

संध्याकाळी नेहेते सरांनी घरी चहाला नेलं. नको म्हणावंसं वाटत होतं, पण चौकशीत चहा नाकारला तर माणसं सावध होतात.

घर स्वच्छ आणि रिकामं. भिंतीवर चारुलताबाईंचा फोटो, हार नाही, दिवा नाही. कपाटात पदकं. नेहेते सर गावोगाव जाऊन व्याख्यानं देणारे. देवळाचा कौल, अंगात येणं, पितरांचं जेवण, सगळ्यांविरुद्ध बोलायचे. भुसावळकडच्या खेड्यांत त्यांच्या नावानं लोक बोटं मोडायचे आणि व्याख्यानाला मात्र गर्दी करायचे. चहा त्यांनी स्वतः केला. साखर विसरले.

मी इकडचं तिकडचं बोलले. ऊन, केळी, एसटी. त्यांनी विचारलं, काही धागा लागला का. मी म्हटलं, म्हातारीला कसला लागतोय. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं थोडं उतरल्यासारखं दिसलं, आणि मला ते आवडलं नाही.

"लेक परदेशात ना तुमची? आखाजीला आली होती का?" मी सहज विचारलं.

"नाही. सुट्टी कुठली तिला." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि आमच्याकडे ते घागर भरणं वगैरे काही नसतं, मॅडम. मी असलं मानत नाही."

मी चहा संपवला.

आखाजी म्हटली की माहेर, झोका, गाणी, आमरस. लेकीचा विषय काढला तर माणूस लेकीचं बोलतो. घागर भरतात ती गेलेल्या माणसाच्या नावानं. मातीची घागर पाण्यानं भरायची, खाली गहू, वर खरबूज, शेजारी गोडाचा घास. मी धुळ्याची. हे मला खरबुजाची बी हातात आली तेव्हाच लख्ख कळलं होतं. फक्त कुणाची घागर, एवढंच कळत नव्हतं.

मी घागरीचं नाव काढलंच नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. दोन स्टुलं मांडली, दार लोटलं.

"नेहेते सर, मी जुन्या पद्धतीची बाई. पाल्हाळ लावत नाही. या कोपऱ्यात आखाजीला घागर होती. किल्ल्या तिघांकडे. प्रेमराज अमळनेरला झोके बांधत होता. तायडेंच्या घरी बुद्धवंदना होते, घागर भरत नाहीत. सगळं गाव आपापल्या घरी गेलं, मागे राहिला एकच माणूस. आणि या वर्षी पहिली घागर लागणारं माणूसही या विभागात एकच गेलं."

ते कोपऱ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू खाली बसले, स्टुलावर नाही, फरशीवर. आणि त्यांच्या तोंडून इतकी वर्षं दाबून ठेवलेली घरची बोली बाहेर आली.

"मले कोनी नव्हतं, मॅडम. घरी भरली असती तं शेजारचे हसले असते, नेहेत्यानं बी घागर भरली म्हणून. आन् घरी ती असायची कुठं? तिचं सारं आयुष्य या खोलीत गेलं. मनात आलं, येईल तं इथंच येईल." त्यांनी चेहरा पुसला. "मी मानत नाही हो हे. आजही मानत नाही. पण सकाळी उठलो आणि राहवलंच नाही."

"पाण्याची बाटली आत नेऊ न देणारे तुम्ही! घागर ठेवताना पट्ट्यांचं काहीच मनात आलं नाही?"

"बाटली सांडते, विजेच्या तारा असतात, म्हणून बंदी. हवेतल्या ओलीचं कोण मनात आणतंय? आम्हीच लिहिलंय ना, हवेचा संबंध नाही. मी सुट्टीच्या शेवटच्या रात्री घागर उचलून नेली, दार लगेच ओढलं, यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. मग ही पोरगी गुलाबी दाणे घेऊन आली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली."

"आणि तरी तोंड उघडलं नाहीत?"

मी आवाज चढवला होता. मला दमायला झालं होतं, पण चढवला.

"काय सांगू?" ते म्हणाले. "घागरीमुळे पट्ट्या तुटल्या म्हटलं, की संघमित्रा खरी. ती खरी, म्हणजे आमचा निबंध खोटा. चारूचं नाव त्याच एका निबंधावर आहे, मॅडम. बाकी तिचं काय उरलंय? आणि तो मी खोटा पाडायचा, तिच्याच घागरीनं?"

मला त्यांची कणव आली. खरंच आली. पण बाहेर त्या मुलीचा मोबाईल थरथरत असणार, हेही मला दिसत होतं.

"चारुलताबाईंनी स्वतः या मुलीला हा विषय दिला. खोटं ठरलं तरी चालेल, पण बघ, असं म्हणाल्या. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान हलवली. माहीत होतं.

"मग गेलेल्या बाईचं नाव राखायला जिवंत पोरीचं नाव बुडवताय, आणि तेही तिच्या मनाविरुद्ध. दुपारी प्राचार्यांपुढे बैठक आहे. मी माझ्या अहवालात लिहीनच. पण मी लिहिणं वेगळं आणि तुम्ही बोलणं वेगळं. माझ्या लिहिण्यानं तायडे सुटेल. तिच्यावर विश्वास मात्र तुमच्या बोलण्यानंच बसेल."

ते उठले नाहीत. मी दार उघडलं आणि बाहेर आले. संघमित्रा समोरच्या बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही सांगितलं नाही, कारण सर बोलतील की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं.

७

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत एसी चालू होता, एवढंच काय ते सुख. प्राचार्य, मी, तेजस, संघमित्रा. नेहेते सरांची खुर्ची रिकामी. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं, मी बघितलं नाही.

ते आले. उभेच राहिले. घागर, गहू, खरबूज, सगळं सांगितलं, एका दमात, वर्गात शिकवावं तसं. शेवटी म्हणाले, "पट्ट्या ओलीनं तुटल्या. मिस तायडेंचे आकडे खरे आहेत. आमचं चुकलं होतं. माझं आणि डॉ. चारुलतांचं."

तेजस चुळबुळला. प्राचार्य अवघडून गेले. सरांची अब्रू, कॉलेजची अब्रू, उद्या पेपरात काय येईल! ते मला म्हणाले, "मॅडम, आपण अहवालात नुसता तांत्रिक बिघाड म्हणू या का? घागरीचा उल्लेख कशाला?"

"नको," मी म्हणायच्या आतच नेहेते सर म्हणाले. "घागरच लिहा. बिघाड म्हटलं की उद्या पुन्हा कुणी हिच्यावर बोट ठेवेल."

संघमित्रा इतका वेळ टेबलाकडे बघत होती. मला वाटलं, रडेल. किंवा सरांना चार शब्द सुनावेल, तिचा हक्कच होता. तिनं दोन्ही केलं नाही. पर्समधून पेन काढलं, समोर पडलेल्या कागदाच्या पाठीवर एक रेघ मारली आणि मान वर केली.

"सर, मला तो प्रयोग पुन्हा करावा लागेल. मुद्दाम. नव्या पट्ट्या लावून, तशीच घागर ठेवून." आवाज कोरडा होता. "घागर नवी होती की वापरलेली?"

"नवी. बाजारातून त्याच दिवशी आणली."

"वर झाकण?"

"नाही. खरबूज होतं वर."

"आणि पाणी, सर? गळ्यापर्यंत होतं की कमी?"

नेहेते सरांनी चष्मा काढला. प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो बघितला आणि हात मागे घेतला.

"काठोकाठ," ते म्हणाले. "शेवटी तिच्या किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणायचे, घोटाच्या वर पाणी द्यायचं नाही. मी दिलं नाही. हात जोडायची ती, तरी मी दिलं नाही. म्हणून काठोकाठ भरली."

संघमित्राचं पेन थांबलं. ती उठली, टेबलाला वळसा घालून सरांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"तुम्हीच लिहा, सर," ती म्हणाली. "भरलेली तुम्ही बघितलीय."

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं.